पाय उचलायला शिकवणारे दाजी

दाजी परब गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका बाईंच्या तोंडात होते. दादरचा माझा दवाखाना, सोमवारची सकाळ, बाहेर तीन माणसं गाल धरून बसलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन माझ्या कानाला लावला आणि पलीकडून दाजींच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, "डॉक्टर, हे गेले. झोपेतच गेले. तू काम आटपून ये, घाई नको." मी काम आटपलं. रूट कॅनल अर्ध्यावर होतं, वर तात्पुरतं सिमेंट भरून बाईंना परवा बोलावता आलं असतं. पण नट अर्धा आवळून जागचं उठणाऱ्याला दाजी काय म्हणायचे ते मला पाठ होतं. रडू आलं ते डिलाईल रोडला टॅक्सीतून उतरताना, आणि मग ते थांबेना. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

पुरवणीच्या वाचकांना दाजींचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. मोटारींच्या शर्यतीत नाव होतं ते चालवणाऱ्याचं. गाडी तयार करणारा माणूस फोटोत असलाच तर कोपऱ्यात, वाकलेला, पाठमोरा. दाजी मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, दाजींनीही तिथे काही वर्षं काढली, आणि गिरणी बंद पडल्यावर डिलाईल रोडच्या चाळीतल्या तळमजल्याच्या गाळ्यात गॅरेज टाकलं. खाली गाळा, वर पहिल्या मजल्यावर घर. शेकडो साचे एकदम खडखडत असताना कुठल्या साच्याचा ठोका चुकतोय ते त्यांच्या वडिलांना म्हणे मान न वळवता कळायचं. मला ही घरातली बढाई वाटायची. तेव्हा मी ठाकूरद्वारहून दादरला रोज एक जुनी गाडी घेऊन यायचे आणि तिच्यात कुठेतरी बारीक टिकटिक वाजायची. कंपनीच्या वर्कशॉपने तीनदा गाडी ठेवून घेतली, तीनदा 'मॅडम, आवाज गेला' म्हणून परत दिली, आणि तीनदा तो आवाज माझ्याबरोबर घरी आला. कुणीतरी दाजींकडे पाठवलं. ते मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "माटुंग्यापर्यंत चल." परत येईपर्यंत डोळे मिटलेलेच. गाळ्यापाशी उतरून म्हणाले, "तुझ्या दरवाजात काहीतरी पडलंय. बारीक. स्टीलचं." दरवाजाचं आतलं पॅनेल उघडलं तर माझा दात तपासायचा छोटा आरसा. दाजींनी तो पुसून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "पेशंटच्या तोंडात पण असंच कायकाय विसरतेस काय गो?"

मला गाडी जोरात चालवायची खाज आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं असावं. वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी एक टूरिंग कार उभी केली. टूरिंग कार म्हणजे आपल्या रस्त्यावरचीच चार दरवाजांची गाडी. तिच्यातला सगळा संसार बाहेर काढायचा, सीटं, गालिचे, रेडिओ, आणि आत लोखंडी पिंजरा बसवून एकच सीट ठेवायची. ज्या मालिकेत मी आठ हंगाम धावले तिच्यात त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी स्पोर्ट्स कारही सोडायचे. त्या बुटक्या, रुंद, आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्यांचा निकाल वेगळा, आमचा वेगळा, पण वळणं तीच. म्हणजे पुढच्याला गाठायचं आणि त्याच वेळी आरशात बघून मागून येणाऱ्या स्पोर्ट्स कारला वाट द्यायची. ट्रॅक दक्षिणेत, चेन्नईच्या पलीकडे. गाडी ट्रकमधून जायची आणि दाजी ट्रक ड्रायव्हरच्या शेजारी बसून तिच्याबरोबर जायचे. मी विमानाचं तिकीट काढते म्हटलं की म्हणायचे, "नको. वाटेत ती काय बोलली तर ऐकायला कोण?"

शर्यतीआधी त्यांचा एक विधी असायचा. आधी माझी झडती. घड्याळ काढ, कानातले काढ, खिशातली गोळी काढ. गाडीत सुटी वस्तू म्हणजे त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. मग मला सीटवर बांधून इंजिन सुरू करायचं आणि डोळे मिटायला लावायचे. "काय ऐकलंस?" मी सांगायचे, पंपाची गुणगुण, चेन, एक्झॉस्टचा पत्रा, मागे डावीकडे काहीतरी. "काहीतरी नाय. काय ते सांग." नीट सांगेपर्यंत डोळे उघडायची परवानगी नसे. बाकीचे चालक तोवर फोटो काढून घेत असत. शेवटी छतावर दोन थापा मारून ठरलेलं वाक्य, "आवाज बदलला की पाय उचल. का बदलला त्याचा विचार मागाहून." मला हे वाक्य फार जाचायचं. शर्यतीत पाय उचलणं, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडणं, हे आमच्यात भित्रेपणाचं लक्षण. पण दाजींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकदा दाढ दुखते म्हणून ते दवाखान्यात आले, खुर्चीत आडवे झाले, मी ड्रिल सुरू केलं आणि त्यांनी माझा हात धरला. "याचं बेअरिंग जातंय. हे माझ्या तोंडात घालू नको." मी रागाने दुसरं ड्रिल घेतलं. चार दिवसांनी पहिलं बंद पडलं. दाजींना ते मी कधीच सांगितलं नाही.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे लिहायला बसले. चौथ्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर जरी आला असता तरी टूरिंगचं विजेतेपद माझं होतं. आयुष्यात इतकी कुठल्याच गोष्टीची इच्छा मी धरली नव्हती, डॉक्टरकीचीसुद्धा नाही. तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि मी दुसरी होते. एका स्पोर्ट्स कारला वाट देऊन वळणात शिरले आणि मागून ठक्क असा आवाज आला. पुढच्या वळणाला पुन्हा ठक्क, या खेपेला उजवीकडे. मागचं चाक धरून ठेवणारा आर्म तुटतोय असं वाटलं… वाटलंही म्हणता येणार नाही, त्याआधीच माझा पाय उचलला गेला होता. दोन गाड्या पुढे निघून गेल्या. मी तशीच जपत जपत चौथी आले. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, दाजींनी डिकी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. लाल कापडात बांधलेला नारळ खालच्या पत्र्यावर मोकळा पडला होता.

नारळ काकींनी दिलेला. गावच्या देवळातला, शर्यतीआधी गाडीच्या चाकापुढे फोडायचा म्हणून. अधिकाऱ्यांनी फोडू दिला नाही, करवंटीचा तुकडा कुणाच्या टायरमध्ये घुसला तर काय, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग देवाचा नारळ ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवायचा नाही, परक्याकडे द्यायचा नाही, न फोडता परत न्यायचा नाही. दाजींनी तो डिकीत, जादा चाकाच्या रिकाम्या खळग्यात, चारी बाजूंनी फोम कोंबून बसवला. शर्यत झाली की बाहेर नेऊन फोडू, एवढाच विचार. माझ्या कानातले काढून घेणाऱ्या माणसाने हे केलं होतं. सगळे जमले, कुणीतरी हसलं. मी हेल्मेट आपटलं आणि चार टीमसमोर त्यांना म्हणाले, "आजपासून माझ्या गाडीला तुम्ही हात लावायचा नाही." दाजी म्हणाले, "चुकलंच माझं." एवढंच. मग त्यांनी ती गाडी ट्रकमध्ये चढवली, चारी चाकांना पट्टे बांधले, दोनदा ओढून पाहिले आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचा हंगाम मी दुसऱ्या गॅरेजची गाडी चालवली. चकचकीत लोक, सारखे टी-शर्ट, लॅपटॉप. इंजिनसुद्धा जोरदार. कुणी झडती घेत नव्हतं, डोळे मिटायला लावत नव्हतं, आणि पहिले दोन महिने मला सुटल्यासारखं वाटत होतं. मग एका सरावात पुढच्या चाकातून बारीक किणकिण यायला लागली आणि मी पाय उचलून पिटमध्ये आले. लॅपटॉपवर सगळं हिरवं. "मॅडम जरा घाबरल्या," त्यांच्यातला एकजण म्हणाला. मी हटून बसले, चाक काढायला लावलं. बेअरिंगचा भुगा झाला होता. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात ते चाक निखळलं असतं तर आज हा लेख दाजींना माझ्यावर लिहावा लागला असता, आणि त्यांना लिहायचा भयंकर कंटाळा. पुढच्याच आठवड्यात मी डिलाईल रोडला गेले. दाजी एका टॅक्सीखाली होते. पाय ओळखून खालूनच म्हणाले, "घड्याळ काढ आणि बस. वर काकीला चहा सांगतो."

माफी मागायची राहिली. मी स्वभावाने हेकट, आणि दाजींनी कधी विषयच काढला नाही. मीच एकदा टोचून बोलले होते, तो नारळ नसता तर कप माझ्या दवाखान्यात असता म्हणून. त्यावर ते स्पॅनर पुसत म्हणाले, "असता ना. पण तू पाय उचललास, त्या दिवशी परतीच्या ट्रकमध्ये मी निवांत झोपलो. त्याच्या आधी तू धावलीस की मला झोप लागायची नाय." मला कपाची पडलेली आणि या माणसाला, मी ठोका ऐकते की नाही याची. हे मला तेव्हा कळलं आणि तरीही तोंड उघडलं नाही. पुढे त्यांच्या तीन दाढा मी केल्या. तोंडात कापूस असताना त्यांना उत्तर देता आलं नसतं, माझ्यासारखीला त्याहून सोयीची वेळ कुठली? तेवढीही साधली नाही. विजेतेपद मला नंतरही मिळालं नाही, दोनदा तिसरी आले, आणि खरं सांगते, त्याचं आता काही वाटत नाही. त्या वाक्याचं वाटतं. ते मी चार टीमसमोर बोलले आणि एकट्या दाजींसमोरही परत घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात हंगाम सुरू होतोय आणि मी धावणार आहे. गाडी अजून त्याच गाळ्यात आहे. गेल्या रविवारी सकाळी किल्ली घेऊन गेले. भिंतीवर स्पॅनर आकाराप्रमाणे लावलेले, बाकावर त्यांचा चष्मा. मी घड्याळ काढलं, कानातले काढले, आत बसून स्वतःला बांधलं आणि इंजिन सुरू करून डोळे मिटले. काय ऐकलंस, हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने सांगायला लागले. पंप. चेन. एक्झॉस्टचा पत्रा. आणि ते सांगता सांगता, दार उघडं टाकलेल्या त्या गाळ्यात इंजिन कानठळ्या बसवत असताना, मी म्हणाले, "दाजी, मी चुकले. तुम्हाला तसं बोलायला नको होतं." माझं मलाच ऐकू आलं नाही, इतका गोंगाट होता. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर दारात काकी उभ्या, हातात चहा. जिन्यावरून उतरून कधी आल्या होत्या कोण जाणे. वाकून त्यांनी कप खिडकीतून माझ्या हातात दिला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"तेंका म्हायत होतां गो बाय," त्या म्हणाल्या. मग मान जराशी कलती करून थांबल्या. "आणि तां मागे डावीकडे काय वाजता, तां आधी बघ."