लाल झाकणाची डबी

साडूच्या हातातली ती लघवीची डबी पाहून माझा जो जळफळाट झाला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

माझ्या मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी चंद्रपूरला दुर्बिणीची तपासणी असते. दुर्बीण कुठून घालतात ते सांगत नाही; पुरुषांना कळलं असेल. त्या दिवशी सोबतीला साडू आला होता. तो मोहर्लीला जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवतो. मोठा जावई मी, पण सासुरवाडीला पहिला पाट त्याचा! त्यानं डॉक्टरांना सहज सांगितलं, लघवीला जळजळतं. बिडी ओढतो म्हटल्यावर डॉक्टरांनी त्याला लाल झाकणाची डबी दिली. लघवीतच कॅन्सरच्या खुणा शोधतात म्हणे. संशय आला तरच दुर्बीण. तो शीळ घालत गेला, डबी भरून आला आणि चहा प्यायला बसला.

"माह्या वेळी हे डबी कुठी होती, डॉक्टर?" मी विचारलं.

"तुम्ही आलात तेव्हा सरळ रक्तच जात होतं."

खरं होतं. उन्हाळी लागली, उष्णतेनं लघवीला जळजळतंय, असं समजून मी महिनोन्महिने पळसाच्या फुलांचं पाणी प्यालो. लघवी लाल दिसली की म्हणायचो, फुलांचा रंग उतरला. हा मूर्खपणा साडूला कळू द्यायचा नव्हता. आमच्याकडून दर होळीला त्याच्याकडे वाळल्या फुलांची पिशवी जाते, ती तशीच जात राहिली.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. रिपोर्टमध्ये संशय होता. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं, आता कळेल लेकाला.

"पन मी नाई जात दुर्बिणीले," तो हसत म्हणाला. "लाल होते कधीमधी, डॉक्टरले नाई सांगतलं. फुलाचा रंग हाय तो. तुमचीच फुलं पिऊन राह्यलो ना."



"फुलानं नाई होत बापा तसं," मी म्हटलं. "मीबी असाच म्हनत होतो. ते रक्त होतं. उद्याच चाल, मी येतो संगं."



"तुमाले माहीत होतं," तो म्हणाला. "मंग यंदा पिशवी काऊन पाठवली, भाऊ?"