मुखवट्यातला करंट

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सुरुवातीला सगळेच असं लिहितात, माहीत आहे मला. पण मला त्या अविश्वासाची मिजास होती... आणि पुढे जे झालं ते त्या मिजाशीपायीच झालं.

मी तेव्हा जिंतूर तालुक्यात, चारठाण्याला राहायचो. शाळेत विज्ञान शिकवायचो. घरात आई, बायको सुमन आणि मी. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात — पत्र्याची धडं, त्यांना नेसवलेल्या जरीच्या साड्या, वर पितळी मुखवटे. वडील होते तोवर सगळं आईच्या हातचं असायचं. ते गेले आणि आई उंबऱ्यापाशी वाती वळत बसायला लागली. विधवेनं मुखवट्याला हात लावायचा नाही, असं तिला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही.

त्या वर्षी मी हौसेनं दिव्यांची माळ आणली. तिची वायर प्लगपर्यंत पुरेना. नामांतराचं आंदोलन पेटलेलं, जिंतूरची एसटी बंद, नवी वायर आणायची कुठून... हे आपलं निमित्त. खरं कारण आळस. जुन्या इस्त्रीची वायर घरात पडली होती, वरचं सुती वेष्टण विटलेलं, आतलं रबर तडकलेलं. तीच कापून जोडली, सांध्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली आणि धडाच्या मागे साडीत दडवून दिली. शाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पूजेच्या दिवशी सकाळी फरशी नुकतीच पुसलेली, सुमन न्हाणीत. दोघींतल्या थोरल्या महालक्ष्मीच्या मुखवट्यावरचा हार घसरला. आसपास कुणी नाही असं बघून आईनं तो सावरायला हात लावला... आणि झटकन मागे आली. रडवेली होऊन मला म्हणाली, "मधू, हातातून कायतरी गेलं रे. रागावली का काय मला?"

मी पाटावर चढून मुखवट्याला हात लावला. काहीच नाही. पायाखाली लाकडी पाट, हे विज्ञानाच्या मास्तराच्या लक्षात आलं नाही! म्हातारीचं खूळ म्हणून हसलो आणि विषय सोडला. देव नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी वायर तपासली नाही.

शेजारच्या गोदाकाकूंनी मात्र हात लावला. त्यांनाही मुंग्या आल्या. त्या आईला म्हणाल्या, "रागावली न्हाई बाई. इतकी वर्सं नुसती येऊन जायची. तुझ्या हातानं जागी झाली."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. बाया यायच्या, आधी आईच्या पाया पडायच्या, मग देवीच्या. कुणीतरी तिला पुढे नेऊन पाटावर बसवलं. वडील गेल्यापासून तिचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

मग गोदाकाकूंची सून कावेरी आली. रीतीप्रमाणे दारात पाय धुऊन, तशीच ओल्या पायांनी आत. मुखवट्याला लावलेला तिचा हात क्षणभर चिकटूनच राहिला आणि ती मागे फेकली गेली. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. बायांनी देवीला हात जोडले... माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. धावत जाऊन प्लग उपटला. कावेरी वाचली, तिचं नशीब आणि आमचंही.

दोन शब्दांत सांगून मोकळा झालो असतो तर बरं होतं. पण मी टेस्टर आणला. सगळ्यांना मागे सारून प्लग पुन्हा घातला — नुसता दाखवायला — आणि थोरलीच्या गालाला टेस्टर टेकवला. दिवा लागला. "ही बघा तुमची जागी झालेली देवी," म्हणालो आणि हसलो.

बायांनी एकदा आईकडे पाहिलं. एकीनं तोंडाला पदर लावला. मग एकेक करून सगळ्या निघून गेल्या. आई पाटावरून उठली, उंबऱ्याशी गेली आणि वातींचं ताट मांडीवर घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही लिहिताना होतंय.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. माळ, वायर सगळं मी आदल्या दिवशीच अंगणात भिरकावलं होतं. त्यात सकाळपासून गावातली लाईटही गेलेली. मुखवटे तूच उतरव, अशी मी आईची विनवणी केली. माझं मन राखायला ती आली, एक बोट टेकवलं, "काई न्हाई," म्हणाली आणि परत जाऊन बसली.

मग मी गेलो. अनवाणी, कोरड्या फरशीवर. थोरलीच्या मुखवट्याला हात लावला... आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण गेली. सोडला, पुन्हा लावला. तेच. टेस्टर टेकवला तर तो विझलेलाच. हात लावला की झिणझिण.

तसाच आईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, जरा वेळ चोळला. म्हणाली, "राहू दे मधू. मला बरं वाटावं म्हनून म्हनायलास तू. कळतंय मला."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. उपयोग झाला नाही.

तुम्ही म्हणाल, नस आखडली असेल, नाहीतर मनाची टोचणी असेल. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलंय. पुढे दर वर्षी अनवाणी उभं राहून हात लावून पाहिला, पुन्हा कधी काही झालं नाही. त्या दिवशी करंट मला लागला, तिला नाही. आई आता नाही. शेवटपर्यंत तिनं मुखवट्याला परत हात लावला नाही. तिचा माझ्या टेस्टरवर विश्वास बसला होता.