शेंदूर लावलेलं इंजिन

आमच्या दाजींच्या मते या जगात माणसाचा खरा वैरी एकच, आणि तो म्हणजे गंज. महागाई, निवडणुका, पंचगंगेचा पूर ही सगळी त्यांच्या लेखी येऊन जाणारी मंडळी. गंज मात्र मुक्कामाला येतो, असं ते म्हणत. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सासरचे सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बांधकाम खात्यात ते ओव्हरसिअर होते. स्वतः करून घेतलेल्या रस्त्यावरचे खड्डे त्यांना दिसत नसत, पण माझ्या सायकलच्या मडगार्डवरचा मोहरीएवढा तांबडा ठिपका त्यांना ओसरीवरून दिसे. "पावणं, सायकल मरायला लागलीया की तुमची," असं म्हणून ते चहाच्या आधी माझ्या हातात तेलाचा बोळा देत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला वाटलं, जावयाचं स्वागत करायची या घराण्याची हीच रीत असावी.

अक्काचा एक पाय लहानपणच्या तापात अधू झालेला. घरात ती भिंतीला धरून चाले, पण एसटीची पायरी तिला चढवत नसे आणि टांग्यात बसवायचं तर दोन माणसं लागत. म्हणून दाजींनी कुठल्याशा सरदाराच्या तबेल्यात पडून असलेली एक काळी विलायती मोटार घेतली. दार रुंद, बैठक नेमकी ओसरीच्या उंचीची. ओसरीला गाडी लावली की अक्का कुणाचा हात न धरता आत सरकायची. रोज संध्याकाळी ही जोडी रंकाळ्यावर जाई. गाडी धापा टाकत जाई आणि खोकत परत येई, पण येई. तिचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. "इंजिन गेलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की तुमची अक्का ह्या ओसरीवर बसली ती बसलीच," दाजी मला एकदा म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढाच होता, फक्त नजर माझ्याकडे नव्हती. पुढे महिन्याभरात त्यांनी मिरजेच्या एका भंगारवाल्याकडून त्याच जातीचं एक जादा इंजिन पैदा केलं आणि आमच्या सासरच्या गोतावळ्यात एका नव्या माणसाची भर पडली.

हे इंजिन मागच्या पडवीत ठेवायचं ठरलं होतं. उतरवून घ्यायला शेजारच्या तालमीतले चार पैलवान आले. त्यांनी ते टेम्पोतून फुलासारखं उचललं आणि दम घ्यायला म्हणून फाटकालगतच्या कडुलिंबाखाली टेकवलं. एवढ्यात अक्कानं त्यांच्यासाठी दूध पाठवलं. कोल्हापुरात पैलवानाला काम संपायच्या आत दूध देऊ नये, हे तिला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पडवीत तिची वाळवणं असायची. दूध पिऊन झाल्यावर चौघांत जो थोराड होता तो मिशी पुसत म्हणाला, "सायेब, आता ह्यो हितनं हलत न्हाय. लई झ्याक बसलाय बगा." आणि इंजिन जन्माचं उघड्यावर आलं.

उघड्यावरचं इंजिन आणि कोल्हापूरचा पावसाळा यांच्यामध्ये आता एकटे दाजी उभे राहिले. आधी त्यांनी झाडाखाली दगडी चौथरा बांधून घेतला. पाणी साचू नये म्हणून तो इंजिनाच्या उजव्या अंगाला किंचित कललेला हवा होता, आणि तो कल ते पाणसळ लावून असा तपासत, की एवढी काळजी एखाद्या पुलाच्या वाट्याला आली असती तर तो पूल अजून उभा असता. मग इंजिनाला जेवढी भोकं होती तेवढ्यांना लाकडी गुट्ट्या, प्रत्येकीला अक्काच्या जुन्या लुगड्याची चिंधी. आतले पिस्टन एका जागी बसून जाम होऊ नयेत म्हणून वरून तेल सोडायचं आणि हँडल घालून अर्धा फेरा द्यायचा. हे काम शनिवारी, कारण शनिवारी कचेरी अर्धा दिवस. बाहेरून जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, कारण खात्यात लोखंडी पुलांना गंजू नये म्हणून तोच देत. आसपास कापराच्या वड्या, कारण संस्थानच्या शिलेखान्यात तलवारींपाशी कापूर ठेवत असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ताडपत्री गुंडाळा म्हटलं तर माझ्यावर खेकसले, "आतनं घाम धरतंय ते! तुमास्नी गुंडाळून ठेवू का ताडपत्रीत?" शेवटी चार खांबांवर पत्र्याचं निमुळतं छप्पर आलं, चारी बाजूंनी मोकळं, वारा खेळावा म्हणून. ते छप्पर व्हायच्या आधी एकदा अवचित सर आली, तेव्हा मी छत्री घेऊन फाटकात शिरतच होतो. दाजींनी मला तसंच इंजिनापाशी उभं केलं. पाऊस थांबेपर्यंत मी इंजिनावर छत्री धरून भिजत होतो आणि ओसरीवरच्या कोरड्या जागेतून दाजी सांगत होते, "जरा उजवीकडं धरा." अक्का आत हसत होती. "मला शिंक आली तर ह्यास्नी ऐकू येत न्हाई," ती म्हणाली, "आणि त्याला दव लागलं तर ह्यास्नी झोप लागत न्हाई."

आता वाचकांनीच सांगावं. कडुलिंबाचं झाड, त्याखाली दगडी चौथरा, वर निमुळतं छप्पर, चौथऱ्यावर शेंदरानं माखलेला ओबडधोबड ऐवज, त्याला दर शनिवारी तेल, भोवती कापराचा वास. हे काय आहे, ते अख्ख्या गल्लीला दिसत होतं. दिसत नव्हतं ते एका दाजींना, जे आयुष्यात कधी कुठल्या देवळाची पायरी चढले नव्हते. पहिलं जास्वंदीचं फूल वाहिलं ते दूध घालणाऱ्या पारूबाईनं. दाजी तरातरा खाली उतरले. "बाई, हे इंजिन हाय! मोटारीचं! चार सिलिंडरचं!" पारूबाईनं घागर सावरत शांतपणे विचारलं, "आसंल की. पर पावतंय न्हवं?" तिची म्हैस अडली होती, ती त्याच रात्री सुखरूप व्याली. त्यात भर म्हणजे शनिवारी दाजींनी हँडल फिरवलं की इंजिनातून फुस्स करून हवा सुटे. पारूबाईनं ते ऐकलं, आणि देव श्वास घेतो हे दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळलं.

मग रुईच्या माळा आल्या. रुईचा चीक धातू खातो, म्हणून दाजी त्या काढून टाकत. बायकांना वाटे, साहेब किती निगुतीनं निर्माल्य काढतात. नारळ फुटू लागले, आणि नारळाचं पाणी इंजिनावर उडालं की दाजींच्या काळजाचं पाणी होई. त्यांनी पाटी लावली : 'हे इंजिन आहे. यावर पाणी घालू नये.' पाटीचा परिणाम झाला. ह्या देवाला पाणी चालत नाही, नुसतं तेल चालतं, असं ठरलं, आणि गल्लीनं ते सोवळं दाजींपेक्षा कडक पाळलं. एखादा परगावचा पाहुणा तांब्या घेऊन आला तर पोक्त बाया त्याला फाटकाबाहेर काढत. इंजिनाला एवढा फुकटचा पहारा मिळाल्यावर तरी माणसानं खूश व्हावं. दाजी ओसरीवर बसून आपली पाटी पुन्हा पुन्हा वाचत आणि तिच्यात चूक कुठे झाली ते शोधत.

आणि एके दिवशी ज्याची भीती होती ते झालं. रंकाळ्यावरून परतताना गाडीच्या इंजिनात काहीतरी धाडकन तुटलं आणि तुटलेला दांडा इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून अक्का संध्याकाळ झाली की नेमानं वेणीफणी करून ओसरीवर बसे आणि दिवेलागण झाली की भिंत धरून आत जाई. दाजींना ते बघवेना. त्यांनी मिस्त्री ठरवला आणि तालमीत निरोप पाठवला. पैलवान आले ते हात मागे बांधून. "उचलायला कायबी न्हाय, सायेब," थोराड म्हणाला, "पर बसल्या देवाला हात कोन लावनार?" तोवर पारूबाईच्या मागून सारी गल्ली फाटकात जमली. देव उठवला तर कोप होईल, असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. दाजी पिस्टन, शेंदूर, शिलेखाना सगळं समजावून ओरडले. आवाज बसला, देव बसलेलाच राहिला.

तेव्हा ओसरीवरून अक्का म्हणाली, "कौल लावा. उजवा दिला तर न्ह्यावा."

गल्लीला हे पटलं. दाजींनी अक्काकडे बघितलं, मग चौथऱ्याकडे, आणि मग त्यांना आपला पाणसळीचा कल आठवला असावा, कारण ते एकदम देवभोळ्या चेहऱ्यानं पुढे झाले. पारूबाईनं जास्वंदीची कळी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी इंजिनाच्या माथ्यावर ठेवली आणि मागे सरकले. कळी हलेना. आदल्याच शनिवारी त्यांनी स्वतः तिथं बोटभर ग्रीस थापलं होतं, त्यात ती रुतून बसली होती. थोडा वेळ गेला. बायका कुजबुजू लागल्या. मी दाजींच्या शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते, आणि देवळासमोरून मान वर करून जाणारा तो माणूस आपण भंगारातून आणलेल्या इंजिनापुढे हात जोडून उभा होता. ते हात नाटकाचे नव्हते. "एवढं ऐक," ते पुटपुटले, "तिला आत बसवू नगोस." ऊन चढलं, ग्रीस पातळ झालं आणि कळी घसरत घसरत उजव्या अंगाला पडली. पैलवानांनी असा जयजयकार केला, की अर्धी पेठ गोळा झाली.

इंजिन गाडीत चढलं आणि दुसऱ्याच हँडलला सुरू झालं. मिस्त्री म्हणाला, आतून आरशासारखं आहे, कणभर गंज नाही. पहिल्या फेरीला गल्लीनं गाडीलाच हार घातला आणि अक्का त्यातून राणीसारखी रंकाळ्यावर गेली. उरला रिकामा चौथरा. तो काही गल्लीला बघवेना, म्हणून पैलवानांनी जुनं, कूस फुटलेलं इंजिन आणून तिथं बसवलं, कुणी न सांगता आणि दूध न पिता. त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता. तरी शनिवार आला की दाजी शेंदूर कालवत. मी म्हटलं, "दाजी, हे तर मेलेलं इंजिन." ते माझ्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमी आदी ती चेन बघा."

गेल्या वर्षी दाजी गेले. गाडी पडवीत उभी आहे. ती चालवणारं कुणी नाही. परवा शनिवारी सहज अक्काकडे गेलो, तर ओसरी रिकामी. घाबरून इकडेतिकडे पाहिलं, तर अक्का खाली चौथऱ्यापाशी होती. हातात तेलाची वाटी, दुसरा हात कडुलिंबाच्या बुंध्यावर. ओसरीच्या पायऱ्या उतरताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, कशाला हा ताप? फुटलेलं इंजिन ते." तिनं वर न बघता बोटानं एका खाचेतलं तेल पसरवलं. "त्यांनी इतकी वर्सं गंज चढू दिला न्हाई," ती म्हणाली, "मी कशाला चढू देऊ?" दाजींची फार आठवण आली.

एवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला. छपराचा पत्रा एका बाजूनं सडून गेला होता, आणि पाणी थेट इंजिनावर गळू लागलं. मी छत्री उघडून अक्काच्या डोक्यावर धरली. तिनं ती हातानं इंजिनाकडे ढकलली.

"जरा उजवीकडं धरा," ती म्हणाली.