सहा पिनची वायर

वैशालीचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि मी त्यात स्टीलची पट्टी घालून मापं घेत होतो. मे महिना होता. कुलर सुरू असूनही शर्ट पाठीला चिकटलेला. ती स्टुलावर बसून सारखी घड्याळाकडं पाहत होती, कारण तिला चारची दर्यापूरची गाडी गाठायची होती. तेव्हा साडेबारा वाजले होते.

मी अमरावतीत चोवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक घाईत असलं की माझं डोकं फिरतं, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. पण वैशालीवर चिडायची सोय नव्हती. ती आणि तिचा नवरा लग्नाचे व्हिडिओ करतात. तो शूटिंग करतो, ती एडिटिंग. कामाला चोख बाई. फालतू बोलत नाही, उधारी ठेवत नाही, आणि मशीन कसं वापरावं हे तिला कळतं.

तिचा कॉम्प्युटर मीच तीन वर्षांपूर्वी दिलेला. एका ऑफिसातून निघालेला, लहान डब्याचा. जागा कमी घेतो, आवाज करत नाही, वीज कमी खातो. मला तेव्हा तो सौदा लय भारी वाटला होता. अडचण एकच. तो डबा कारकुनी कामासाठी बनवलेला असतो. टायपिंग करा, बिलं काढा, त्याची काही तक्रार नसते. त्यावर तीन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज लावलं की तो मान टाकतो. यासाठी ग्राफिक्स कार्ड लागतं. चित्राचं सगळं जड काम हे कार्ड स्वतःच्या अंगावर घेतं आणि बाकीचं मशीन मोकळं होतं.

कार्ड घ्यायचं म्हणजे दुकानात जाऊन चांगलंसं उचलायचं, असं लोकांना वाटतं. लहान डब्यात तसं चालत नाही. आधी उंची पाहायची. साधं कार्ड अर्ध्या वितीएवढं उभं असतं, ते बसवलं की झाकण लागत नाही. म्हणून अर्ध्या उंचीचं कार्ड शोधावं लागतं, त्याला आम्ही लो-प्रोफाइल म्हणतो. मग जाडी आणि लांबी, कारण शेजारीच डिस्कचा खण असतो. आणि सगळ्यात शेवटी पाहतात ती, खरं म्हणजे सगळ्यात आधी पाहायची गोष्ट, वीज. लहान डब्याचा पॉवर सप्लाय दोनशे चाळीस वॅटचा, त्यातून मोजक्या वायरी निघतात. काही कार्डं ज्या खाचेत बसतात तिथूनच लागेल तेवढी वीज घेतात. काहींना वरून वेगळी सहा पिनची वायर लागते. वैशालीच्या डब्यात ती वायर नव्हती, म्हणजे तिला पहिल्या जातीचंच कार्ड पाहिजे होतं. यात मतभेदाला जागा नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझ्याकडं मात्र दुसऱ्या जातीचं पडलेलं होतं. लो-प्रोफाइल, मापात बरोबर, ताकदीला चांगलं, पण सहा पिनवालं.

मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब, बरोबरचं कार्ड मागवून देतो. तेव्हा तिनं खरी गोष्ट सांगितली.

अंजनगाव सुर्जीला तिनं आणि नवऱ्यानं एक लग्न केलं होतं. नवरी स्नेहल. तिच्या वडिलांचा पानमळा. लग्नानंतर सहाव्या दिवशी ते मळ्यातच छातीत कळ येऊन गेले. वय छप्पन्न. आता त्यांच्या घरून निरोप आला होता की तेरवीला सगळं गणगोत जमणार आहे, तेव्हा लग्नाची फिल्म लावायची, बाबांना एकदा चालतं-बोलतं पाहायचं. तेरवी पाच दिवसांवर होती. वैशाली दोन दिवसांपासून फिल्म बाहेर काढायचा प्रयत्न करत होती आणि मशीन दर वेळी अर्ध्यात बंद पडत होतं.

“बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये असतील की,” मी म्हटलं.

“नाही नं, भाऊ. पोरीचा बाप कोनाच्या मोबाईलमध्ये येते? तो तं पंगतीत नाही तं सामानामागं. आमच्याच दुसऱ्या कॅमेऱ्यात तेवढे आले हायेत ते.”

खरं होतं. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत आमचे वडील दोनदा दिसतात, त्यातल्या एका फोटोत पाठमोरे.

फुटेज आणखी कुठं आहे का, हे मी विचारलं. विचारलं एवढं खरं. ती म्हणाली, नाही, सगळं यातच आहे, कॅमेऱ्याची कार्डं नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी अचलपूरच्या लग्नासाठी खाली केली. सीझनमध्ये सगळेच तसं करतात. एकावर एक लग्नं असतात, कार्डं मोजकी, फुटेज कॉम्प्युटरात उतरलं की कार्ड पुसायचं आणि पुढच्या मांडवात जायचं. त्यांची जास्तीची डिस्क मार्चमध्येच भरली होती.

कॉपी करून घ्यायला पाच तास लागले असते. चारची गाडी गेली असती. मी म्हटलं, मी डिस्कला हातही लावत नाही, फक्त कार्ड बसवतो.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. त्याच दिवशी सकाळी आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकोल्याच्या हमीदभाईचा मेसेज आला होता. रोज येतो, काय माल आहे त्याची यादी. त्यात पाहिजे होतं तेच कार्ड होतं. लो-प्रोफाइल, वेगळी वायर न लागणारं, दोन नग. अकोला दोन तासांवर. सकाळच्या गाडीनं आणून संध्याकाळपर्यंत मी स्वतः दर्यापूरला जाऊन बसवून दिलं असतं. तरी तीन दिवस हातात उरले असते.

मी फोन केला नाही. हमीदभाई आणि मी आधी भागीदार होतो. आठ वर्षांपूर्वी तो गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला होता, “विनोद जमा के देता है, बना के नहीं देता.” म्हणजे मी तात्पुरतं जुळवून देतो, नीट करून देत नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. आणि एका कार्डासाठी त्याच्याकडं तोंड वेंगाडायचं म्हणजे तो बरोबर होता असं कबूल करायचं. तसं मी मनात बोललो. त्या बाईचं काय अडलंय आणि मी कशाचा हिशेब करतोय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

ड्रॉवरमध्ये एक कन्व्हर्टर पडलेला होता. एका टोकाला सहा पिन, दुसऱ्या टोकाला डिस्कच्या विजेच्या वायरीत घुसवायचा चपटा प्लग. म्हणजे डिस्कसाठी असलेल्या वायरीतून कार्डाला वीज द्यायची. घरात बल्बच्या वायरीवर कुलर लावतात ना, अगदी तसं. लावला की चालतो. मीच नवीन पोरांना अशा वायरी कचऱ्यात टाकायला सांगतो. मग ती ड्रॉवरमध्ये काय करत होती, याचं उत्तर हमीदभाईनं आठ वर्षांपूर्वीच दिलं होतं.

कार्ड बसलं. झाकण लागलं. तासभर चालवून पाहिलं, काही झालं नाही. वैशालीनं तिची फिल्म लावून पाहिली, सरसर पळाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ती डबा ओढणीत गुंडाळून रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून मला आधी काही कळलं नाही.

“भाऊ, वास येऊन राहिला. मी मेन बटन बंद केलं. आता तो सुरूच नाही होऊन राहिला.”

मी गाडी काढली आणि दीड तासात दर्यापूरला पोचलो. तिचं एडिटिंगचं काम पत्र्याखालच्या खोलीत चालतं. बाहेर पंचेचाळीसच्या पुढं असेल, आत त्याहून जास्त. कॉम्प्युटरनं पूर्ण फिल्म काढायला घेतल्यापासून कार्ड तीन तास पूर्ण जोरात चाललं होतं. झाकण काढलं. कन्व्हर्टरचा प्लग वितळून काळा झाला होता. अशा प्लगमध्ये बारा व्होल्टची आणि पाच व्होल्टची तार खेटून असतात, मध्ये फक्त प्लास्टिक. प्लास्टिक गेलं, तारा चिकटल्या, आणि त्याच वायरीवर पुढं तिची एसएसडी होती, सगळं फुटेज असलेली डिस्क. पाच व्होल्टवर चालणाऱ्या डिस्कला बारा व्होल्ट मिळाले.

जुन्या फिरत्या डिस्कमध्ये असं झालं तर कधीकधी वरची पट्टी बदलून माल वाचतो. एसएसडीत आत फिरणारं काही नसतं, नुसत्या चिपा. डेटाला कुलूप घालणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, जळाली की डेटा आतच राहतो आणि कोणालाच मिळत नाही. ही डिस्क घ्यायला तिला मीच सांगितलं होतं, वेगवान असते म्हणून.

तिथून मी घरी गेलो नाही. सरळ अकोल्याला गेलो, हमीदभाईच्या दुकानात. आठ वर्षांनी. काय म्हणून तोंड दाखवावं कळत नव्हतं. मी घडलं ते सांगितलं. त्यानं डिस्क हातात घेतली, उघडली, भिंगाखाली बराच वेळ पाहिली. मग कन्व्हर्टरचा तो जळका तुकडा पाहिला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

“कंट्रोलर गया, विनोद,” तो म्हणाला. “मुंबई भेजना है तो भेज. लेकिन उनको उम्मीद मत देना.”

त्यानं माझ्यासमोरच मुंबईच्या लॅबवाल्याला फोन लावला, फोटो पाठवले. त्यांचंही तेच. नंतर मी डिस्क पाठवलीच, माझ्या समाधानासाठी. महिन्याभरानं तशीच परत आली.

वैशालीला मी म्हटलं की मी फोनवर स्नेहलच्या घरच्यांना सांगतो, चूक माझी आहे. ती म्हणाली, फोनवर नाही. “तुमी चला. मी एकटी नाही सांगनार, आन् तुमी एकट्यानं सांगाचं नाही.”

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही अंजनगावला गेलो. अंगणात मंडपाचे बांबू उभे राहत होते. स्नेहल माहेरी आलेली होती, हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिची आई भिंतीला टेकून बसलेली. मी सांगितलं. वायर कशी जळली ते सांगायला लागलो, आणि मध्येच थांबलो, कारण त्या घरात त्या गोष्टीचा कोणालाच उपयोग नव्हता. माझ्यामुळं गेलं, एवढं म्हटलं. कोणी ओरडलं नाही. कोणीतरी ओरडावं म्हणून मी वाट पाहत होतो.

आई वैशालीला म्हणाली, “पोरी, तू तं सारं पायलं असन नं?”

“हो, काकू.”

“मंग सांग.”

वैशाली सतरंजीवर पुढं सरकून बसली आणि सांगायला लागली. तिनं ते फुटेज दहा-बारा वेळा तरी पाहिलं असेल, एडिटिंग करणाऱ्याला पाहावंच लागतं. तिनं क्रमानं सांगितलं. मंडपाच्या मागं बाजेवर बसून ते विड्याची पानं एकेक उलटून पाहत होते आणि डागाळलेली बाजूला काढत होते. व्याह्यांना टोपी घालताना त्यांच्या हातातून टोपी निसटली आणि ते स्वतःच हसले. सगळे जेवल्यावर ते पाण्याच्या टाकीपाशी उभ्यानं जेवले, बुंदी दोनदा घेतली. कॅमेरा दिसला तसा त्यांनी हात हलवला, माह्यं काय काढता, पोरीचं काढा. तिनं त्यांचा हात कसा हलला तोसुद्धा करून दाखवला. बांबू रोवणारे कामं सोडून ओट्याशी येऊन उभे राहिले. आई डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येमध्ये मान डोलवत होती.

मग स्नेहलनं विचारलं. तिचा हा पहिलाच शब्द.

“मी गाडीत बसली, तेव्हा बाबा खिडकीपाशी आले होते. काहीतरी म्हनाले. बँडमध्ये मले ऐकू नाही आलं. तुमच्या कॅमेऱ्यात आलं असन नं ते?”

वैशालीनं मान खाली घातली. मला वाटलं आठवत असेल. ती सतरंजीकडं पाहत राहिली.

“आलं होतं, ताई,” ती म्हणाली. “पन बिदाईचा आवाज आमी सगळ्यात आधी बंद करतो. वरून गानं टाकतो. मी ते ऐकलंच नाही.”

स्नेहल उठून आत गेली.

वैशालीचं सगळं काम आता अकोल्याला, हमीदभाईकडं जातं. बरोबरच आहे. तिनं पुढं कधी मला बोल लावला नाही, आणि माझ्याकडं आलीही नाही.

लहान डब्यात कार्ड बसवायला अजूनही लोक येतात. कोणतं बसेल, किती वॅटचं, कोणत्या कंपनीचं, असं विचारतात. ते सांगतो मी, त्याला दहा मिनिटं लागतात. त्याआधी मी डिस्कची कॉपी काढतो. पाच तास लागले तर पाच तास. गाडी चुकते म्हणून चिडून निघून गेलेली गिऱ्हाइकं आहेत, त्यांना मी थांबवत नाही.