काटकोनाची सही

काटकोन पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, तर त्याच्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, असं साहेबांनी मला सांगितलं. कारखान्यात लिहिता येणारी माणसं शंभर आहेत, पण तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून हे माझ्या गळ्यात. आमच्यात जे झालं ते साहेबांच्या लेखी घरगुती रुसवा आहे. ठीक आहे, लिहिते. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे मात्र तो 'तो'च राहील.

मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. काटकोन हे नाव त्याला फिटर लोकांनी दिलं. मोटर आणि पंप एका रेषेत बसवणं हे त्याचं काम. मोटरचा दांडा आणि पंपाचा दांडा समोरासमोर आणून मध्ये कपलिंगनं जोडतात. जोडण्याआधी एका दांड्यावर लेझरचा डबा बसवायचा, दुसऱ्यावर टार्गेट, म्हणजे किरण झेलणारी काच. मग दांडे हातानं फिरवायचे आणि लाल ठिपका काचेवर कुठे किती सरकतो ते वाचायचं. नवा फिटर ठिपका मध्यावर दिसला की हात झटकून मोकळा व्हायचा. मग काटकोन त्याची जी बिनपाण्यानं करायचा, ती ऐकायला मी खिडकीतून मान बाहेर काढत असे.

"मध्य जुळला रे, कोन कुणी बघायचा? तुझ्या बापानं?" तो ओरडायचा. "दोन माणसं बरोबर समोरासमोर उभी आहेत, पण एकाची मान वाकडी. बोलतील का धड? मध्य वेगळा, कोन वेगळा. दोन्ही मोजल्याशिवाय माझी सही नाही."

मोटरच्या पायाखाली केसाएवढा पत्रा सरकवायला तो दोन दोन तास लावायचा. साहेब घिरट्या घालायचे, पण "उरका" म्हणायची कुणाची छाती होत नसे. घरीही तेच. बहीण म्हणायची, "आमच्या लग्नाच्या फोटोत मी हसतेय आणि हे मागच्या पडद्याची दांडी तिरकी आहे का ते बघताहेत." मला या माणसाचा अभिमान होता. हे लिहितानाही आता तोंड कडू होतं.

दोन महिन्यांपूर्वी पाण्याच्या मोठ्या पंपाला नवी मोटर आली. ती बसवणाऱ्या पाळीचा प्रमुख म्हणजे माझ्या भाचीचा नवरा, काटकोनाचा जावई. केस चापूनचोपून, बूट चकचकीत, हाताला कधी ग्रीसचा डाग नाही. त्या दिवशी वरची मंडळी कारखाना बघायला येणार होती आणि साहेबांना पंप चालू दाखवायचा होता. लेझरची पेटी माझ्या कपाटात कुलपात होती. टार्गेटची काच तडकली होती, ती दुरुस्तीला जायची होती. किल्ली माझ्या कमरेला. न्यायला कुणी फिरकलंसुद्धा नाही. तरी संध्याकाळी फायलीला लावायला अहवाल आला. मध्य बरोबर, कोन बरोबर, खाली काटकोनाची सही.

आकडे ओळखीचे वाटले, म्हणून मागचा अहवाल काढला. जुन्या मोटरचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जसेच्या तसे उतरवलेले. शी! चोरी करायची तर निदान एखादा आकडा तरी बदलावा, तेवढेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घरचं माणूस म्हणून गिळून बसले. माझी मलाच किळस येते ती त्यासाठी.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच पंपाचं कपलिंग फुटलं. तुकडा झाकण फोडून उडाला आणि शेजारून जाणाऱ्या तेलवाल्याच्या नडगीवर बसला. हाड मोडलं. यंत्रांना वंगण घालणं हे या तेलवाल्याचं काम, आणि घरी दोन शाळकरी मुली. साहेबांनी उभ्या उभ्या निदान केलं की यानं वंगण घातलं नसणार, म्हणूनच फुटलं. चौकशी लागली. दोष ठरला तर त्याची नोकरी जाणार होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी काटकोन माझ्या खिडकीशी आला. आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "रजिस्टरमध्ये एक ओळ लिही. मोटर बसवली त्या दिवशी पेटी नेली, संध्याकाळी परत केली."

"भाऊजी, टार्गेटची काच तडकलीय. तुम्ही मोजलं कशावर?"

"काच नंतर तडकली म्हण."

"तुम्ही मोजलंच नाहीत ना?"

तो खिडकीच्या चौकटीवर नखानं रंग खरवडत राहिला. "जावई म्हणाला, मध्य नजरेनं बघितलाय, सही तेवढी करा. साहेब त्याच्या डोक्यावर उभे होते. पोरीचा संसार आहे गं त्यात."

"आणि तेलवाल्याचा?"

"तो काय, कुठेही तेल घालेल."

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला शिसारी आली. मी खिडकीचं दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी तडकलेलं टार्गेट, रजिस्टर आणि दोन्ही अहवाल टेबलावर मांडले. काटकोन, जावई, तेलवाला सगळे होते. साहेबांनी आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. "नोंद राहून जाते बाई कधी कधी. आणि तसंच यंत्र, तसेच आकडे, त्यात काय?" ते म्हणाले. मग काटकोनाकडे वळले. "तुम्ही स्वतः मोजलं होतंत?"

"हो."

"मध्य आणि कोन?"

"दोन्ही," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

तेलवाला कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता. तोवर तो एकच सांगत होता, की सकाळी वंगण घातलं, रोज घालतो. आता तो काटकोनाकडे बघत राहिला. अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. जावं, असंही वाटलं.

"भाऊंनी मोजलंय म्हणता, मग यंत्र वाकडं नसणार," तो साहेबांना म्हणाला. "माझंच चुकलं असेल. घातल्यासारखं आठवतंय खरं, पण विसरलो असेन."

"ऐकलंत ना? लिहून घ्या," साहेब जावयाला म्हणाले आणि त्यानं लगेच लिहून घेतलं. मी ओरडले, "अरे, तू घातलं होतंस!" पण साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं.

मी दारात होते तेव्हा तेलवाला उठायला गेला आणि त्याची कुबडी फरशीवरून सटकली. काटकोनानं पुढे होऊन त्याला दंडाला धरून सावरलं. "उपकार झाले, भाऊ," तेलवाला त्याला म्हणाला.