थोरलीच्या सहा शेपट्या

“ज्याचं पोट मोठं, त्याला लांब बसवा,” असं थोरली येताजाता म्हणायची. बोलणं अडॅप्टरांविषयी असायचं, पण ऐकणारा उगाच आपलं पोट आत ओढून घ्यायचा.

शिवणखोलीत भरतकामाच्या सहा मशिनी आणि एक्स्टेन्शन बोर्डाला भोकंही सहाच. पण अडॅप्टर असे विटेएवढे, की एक खोचला की शेजारचं भोक झाकलंच. मग थोरलीनं घरी बसून वीतभर वायरीचे सहा तुकडे केले, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट. पिन बोर्डात, अडॅप्टर लांब, जमिनीवर ऐसपैस. प्रत्येक तुकड्याला तिनं मशिनीगणिक निराळ्या रंगाचा धागा बांधला होता. बायका त्यांना शेपट्या म्हणायच्या.

खोली तिनं आणि नवऱ्यानं उभी केलेली. नवरा गेला आणि धाकटा दीर मालकाच्या खुर्चीत बसला. तेही तिनं गिळलं. पण एके दिवशी शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी गणवेशाच्या खिशावरची नक्षी पाहून विचारलं, “हा हात कुणाचा?”

“आमच्या हिचा,” दीर म्हणाला. “वहिनी काय, नुसत्या पिना खोचतात.”

त्याची बायको खाली मान घालून दोरा ओवत राहिली. नक्षी थोरलीची होती. तिनं रात्र रात्र जागून कागदावर काढलेली.

राग थोरलीनं सुईसारखा जपला, पदराला आतून टोचून, कुणाला दिसणार नाही असा. बाई माल न्यायला येणार तो दिवस तिनं मनात धरून ठेवला.

त्या दुपारी बाई येऊन बसल्या. चाळीस खिसे उरले होते. थोरली उठली, बोर्डापाशी वाकली आणि एकेक शेपटी उपसून पिशवीत टाकू लागली. एकेक मशीन गप्प झाली.

“वहिनी! अहो, काय करताय?”

“पिना खोचते ना मी? आता काढतेय. माझ्या आहेत, घरून आणलेल्या.”

दीर गुडघ्यांवर बसला. एक अडॅप्टर बसला, दुसरा बसला, तिसरा रेटून बसवला. चौथ्याला जागाच नव्हती.

“आजचा दिवस तरी, वहिनी! तोंडघशी पाडू नका.”

“नक्षी कुणाची, ते बाईंना सांगा. मग बघू.”

दिरानं बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा बोर्डाशी झटू लागला.

“नक्षी ताईंची आहे,” त्याची बायको म्हणाली.

थोरली तिच्याकडे वळली. “तू सांगितलंस, बरं वाटलं. पण मी भावजींना विचारलं होतं.”

तिनं पिशवीची गाठ मारली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागली. दीर हातात चौथा अडॅप्टर धरून तसाच बसला होता. बाई मात्र उठून दारात आल्या, आणि ती पाठ वळणाआड होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.