घमेल्यातली नदी

कुणाशीही बोलायला लागला की तो आधी आपले दोन्ही तळवे समोरच्याच्या कानशिलांना लावायचा, टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात तसे. मग म्हणायचा, "आजूबाजूचं दिसतंय? नाही ना? बस. आता आत या, मग बोला." मी दोनदा त्याचे हात झटकले. तिसऱ्यांदा शिवी दिली. तरी सवय सुटली नाही.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर ओरडावं तर तो आता समोर नाही, आणि राग सोडून द्यावा तर तो सुटत नाही.

धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये तो वीस वर्षं मशीन चालवायचा. जळगावात आम्ही त्याला ऑपरेटर म्हणायचो. "वीस वर्षं सिनेमा भिंतीतल्या भोकातून पाहिला, भाऊ," तो सांगायचा. "बठ्ठे लोक आत, मी एकटा बाहेर." नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्याने ती नोकरी सोडली आणि सुरतेच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ-गेमच्या खेळघरातलं यंत्र घेऊन माझ्या दुकानात उभा राहिला. माझा धंदा जुन्या यंत्रांचा. त्याला वाटलं, मला तरी कळेल.

वाळक्या केळीच्या पानांत गुंडाळलेला एक टोप होता. त्याला जाड वायर, वायरच्या टोकाला कॉम्प्युटर. टोप डोक्यावर घातला की डोळ्यांपुढे दुसरंच जग यायचं आणि मान वळवाल तसं तेही वळायचं. मूळ खेळात चौकटीची फरशी आणि पांढरे खांब होते. कुठल्याशा कॉलेजातल्या सरांच्या मागे लागून त्याने फरशीची नदी करून घेतली होती. खांबांना हिरवा रंग देऊन त्यांना तो केळी म्हणायचा.

मी हमाली करून वर आलेला माणूस. दयेपोटी जागा देत नाही. सौदा केला. दुकानाचा पुढचा अर्धा भाग दिवाळीपर्यंत तुझा. लोक रमले तर जागा कायमची. नाही रमले तर टोप उचलायचा आणि धुळ्याची गाडी धरायची. तो लगेच हो म्हणाला. एका शब्दाने घासाघीस केली नाही. मला तेव्हाच राग आला होता.

पहिले पंधरा दिवस कुणी टोप घालेना. कारण साधं होतं, पण यंत्र करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. टोप घालायचा तर डोक्यावरची टोपी काढायला हवी. आमच्याकडचा म्हातारा माणूस चारचौघांत उघड्या डोक्याने उभा राहील का? चोपड्याचे एक आबा तर भडकलेच. "टोपी काढू? घरात काय मयत झाली शे का?" बायका डोक्यावरचा पदर सोडायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो तर ऑपरेटर करवत घेऊन बसला होता. टोपाचा वरचा भाग त्याने वाटीसारखा गोल कापून काढला होता.

"अरे, वेडा झालास का? आता हा टोप भंगारातसुद्धा कुणी घेणार नाही!"

"मग काय माणसांची टोपी कापू, भाऊ?"

टोपीवरून, पदरावरून टोप बसायला लागला आणि लोक येऊ लागले. मग त्याने पंखा लावला, पंख्यापुढे ओलं गोणपाट टांगलं. आतल्या नदीचा काठ जिथे यायचा, नेमक्या त्या जागी सिमेंटचं घमेलं ठेवलं, पाण्याने भरून. माणसाला कोपराला धरून तो काठापर्यंत आणायचा आणि म्हणायचा, "वाका. हात घाला." हात ओला झाला की माणूस दचकायचा. टोप काढायच्या आधी ऑपरेटर पायाने घमेलं हळूच गोणपाटामागे सरकवायचा. एकदाही विसरला नाही.

आता माझी बाजू ऐका. एक माणूस आत असला की दहा माणसं बाहेर उभी असायची, आणि ती बाहेरची दहा पोट धरून हसायची. आत माणूस केळीच्या बागेतून चालतोय, बाहेर तो हवेत चाचपडतोय आणि घमेल्यात हात बुचकळतोय. दोन लाकडी बाकं मी पुढे टाकली. आठवड्यात गर्दी दुप्पट झाली. चहावाल्याने गाडी तिथेच आणून लावली.

"जिंकलास!" मी त्याला म्हणालो. "लोक रमले. जागा तुझी."

"ते आत कुठे आले, भाऊ? ते बाकावर बसलेत."

आता अशा माणसाला काय म्हणावं? जागा हातात देतोय तर याला लोक कुठे बसलेत याची पंचाईत!

दिवाळीला वीसेक दिवस असतील. एरंडोलकडची एक म्हातारी आली. पदरावरून टोप घातला, काठापर्यंत गेली, वाकली. पण तिने हात नुसता बुडवला नाही. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि त्या घमेल्याला वाकून नमस्कार केला. बाकांवर हसण्याचा असा फटाका फुटला की चहावाल्याच्या हातातली कपबशी पडली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

ऑपरेटरने घमेलं सरकवलं, टोप काढला. म्हातारी गोंधळून लोकांकडे बघत राहिली. "का हसी राह्यनात?"

"मला हसतात, अक्का," तो म्हणाला. "माझा अवतारच तसा शे."

ती वळणापलीकडे जाईपर्यंत तो थांबला. मग एक बाक उचललं, वरची माणसं जेमतेम उठली, आणि ते रस्त्यावर भिरकावलं. मग दुसरं. मी त्याची गचांडी धरली. "माझी बाकं फेकतोस? माझ्या जागेत?"

"तुम्ही एकदा तरी आत आलात का?"

"मला धंदा आहे!"

त्याने माझे हात सोडवले. सकाळी पुढचा भाग झाडून ठेवलेला होता. टोप नाही, कॉम्प्युटर नाही. घमेलं भिंतीला उपडं टेकवलेलं. पंधरा-वीस दिवस थांबला असता तर जागा त्याची होती. मी शब्द दिला होता. माझा शब्द असा झाडून टाकून गेलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी ती म्हातारी पुन्हा आली. बरोबर दोन जावा, तिघींच्याही पदराला पिना लावलेल्या.

"नदी कोठे शे, भाऊ? यांना दाखवाले आणलं. पाणी इतकं थंड शे!"

"बंद झालं ते."

ती इकडेतिकडे बघत उभी राहिली. घमेलं तिच्या पायाशी होतं. तिने ते आधी पाहिलेलंच नव्हतं. आताही पाहिलं नाही.

"तुम्ही तर रोज पाहत असाल," जावांपैकी एक मला म्हणाली. "कशी होती?"

मी तिच्यावर खेकसलो. दुकानात गिऱ्हाईक आहे, वाट सोडा म्हणालो. दुकानात कुणीही नव्हतं.